‘ब्राइट’ पाहताना जादू बघायची की पोलिसी काम?

गस्तवाला
‘ब्राइट’ला नावं ठेवणारे बहुतेक जण तो जादूचा सिनेमा समजून बघायला बसतात आणि तिथेच फसतात. डेव्हिड एयरचा २०१७चा हा सिनेमा मुळात रात्रपाळीचा आहे. लॉस एंजेलिसमध्ये एका गाडीत दोन पोलीस: वॉर्ड (विल स्मिथ) माणूस, जाकोबी (जोएल एजर्टन) खात्यातला पहिला ऑर्क, म्हणजे सुळे असलेल्या कल्पित वंशातला. एका घरात त्यांना जादूची कांडी सापडते आणि पुढे सगळं शहर त्या एका मुद्देमालामागे लागतं. कांडी उघड्या हाताने फक्त ‘ब्राइट’, म्हणजे जादू पेलू शकणारा विरळा जीवच धरू शकतो, बाकीच्याच्या चिंधड्या उडतात. नियम एवढाच, आणि तो पुरतो.

कुमक म्हणून आलेले चार सहकारी कांडी बघतात तो प्रसंग नीट बघा. मंत्र नाही, प्रकाशाचे झोत नाहीत. नुसती नजरानजर होते आणि वॉर्डला सांगितलं जातं की जाकोबीला तू संपव. चांगला पोलीसपट असाच असतो: वस्तू जप्त करायला गेलेल्या हातांनाच तिची हाव सुटते.

अजून एक. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत भिंतींवरची चित्रं दिसतात. ती थांबवून थांबवून बघा, या जगाची अर्धी माहिती तिथेच आहे.

टेकडीकर
भिंतीवर माहिती आहे, पण पटकथेत ती मुरलेली नाही. दोन हजार वर्षांपूर्वी डार्क लॉर्ड या दुष्ट सत्ताधीशाशी महायुद्ध झालं, एल्फ (टोकदार कानांचा जादुई वंश), ऑर्क आणि माणसं तेव्हापासून एकत्र राहताहेत, आणि तरीही शहर जसंच्या तसं? तेच गणवेश, त्याच टोळ्या, रस्त्यांची तीच स्पॅनिश नावं. रात्रीच्या आकाशात एक ड्रॅगन उडत जातो, त्याबद्दल पुढे कोणी चकार शब्द काढत नाही. आजच्या शहरावर मुखवटे चढवले की नवं जग तयार होत नाही.

खरी चूक कांडीत आहे. ती जवळजवळ काहीही करू शकते आणि वापरण्याची किंमत ठळकपणे जाणवत नाही. मग जाकोबी मेला तरी प्रेक्षक हळहळत नाही, कारण तो परत येणार हे दिसत असतं. शेवटी वॉर्डच ब्राइट निघतो, त्याची तयारी काय, तर मध्येच एक तलवारवाला येऊन भविष्य सांगून जातो. जादूला किंमत लावली नाही की शेवटची मारामारी कितीही लांबवा, ताण येत नाही.

पडदामास्तर
वादात पडत नाही, पण हा सिनेमा अनेकांना आवडत नाही याचं एक कारण टीव्हीची सेटिंग्ज. बहुतेक प्रसंग रात्रीचे आहेत.

सगळ्यात आधी मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो आणि एजर्टनचा मेकअप लगेच रबरासारखा दिसायला लागतो. ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्म’ मोड लावा. खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र कमीजास्त करणारा सेन्सरही बंद ठेवा, नाहीतर दिवे घालवले की पडदा आणखी काळवंडतो. उजेड हवाच असेल तर दिवा टीव्हीच्या मागे, समोर नको. फोरकेसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सुचवतं. वेग पडला की आधी अंधारातच पट्टे उमटतात.

डब लावू नका. ऑर्क आणि एल्फ यांच्या भाषा डेव्हिड पीटरसन यांनी रचल्या आहेत, ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली डोथ्राकी भाषाही त्यांचीच. खोट्या दातांतून बोलणाऱ्या एजर्टनचा आवाज ही निम्मी भूमिका आहे. इंग्रजी सबटायटल्स ठेवा.

लकडीपूल
चित्र कितीही स्वच्छ दिसलं तरी रूपक गढूळच राहतं. ऑर्कांवरचा राग हे वर्णद्वेषाचं रूपक, असं सिनेमा सुचवतो. पण या जगात ऑर्क खरोखरच डार्क लॉर्डच्या बाजूने लढले होते. म्हणजे द्वेषाला सिनेमाच पुरावा पुरवतो. खऱ्या जगात ज्यांना हिणवलं जातं त्यांच्या पूर्वजांनी असा काही गुन्हा केलेला नसतो. डार्क लॉर्डला हरवणारी फौज एका ऑर्कनेच जमवली होती, हे सिनेमाला माहीत आहे, पण ते ओझरतं येऊन जातं. तिथून सुरुवात हवी होती.

गस्तवाला
रूपकाबद्दलचं मान्य. पण जाकोबी रूपकापेक्षा मोठा आहे. तो सुळे कानशीने घासून बारीक करतो, म्हणून ऑर्क त्याला आपला मानत नाहीत, आणि ठाण्यात माणसं मानत नाहीत. त्यावर अंतर्गत चौकशीवाले वॉर्डलाच सांगतात की गाडीत त्याचं बोलणं रेकॉर्ड कर. रोज शेजारी बसणाऱ्या जोडीदाराशी हे करायचं! सिनेमा तिथे उभा राहतो.

आणि टेकडीकर, जादूची किंमत कामाच्या पद्धतीतूनही लावता येते. असाच सिनेमा पुण्यात घडतो असं धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३प्रमाणे झडतीला परिसरातले किमान दोन पंच लागतात, कलम १०५प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण लागतं. पंच कांडीजवळ कसे उभे करणार? सील कोण लावणार? गणेशखिंडीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती कोण नेणार? प्रत्येक पायरीवर एक प्रसंग आहे. आणि कांडी वेताळ टेकडीवर सापडली तर? तिथे कोथरूड, पाषाण, सेनापती बापट रस्ता अशा सगळ्या बाजूंनी वाटा चढतात. पहिला प्रश्न हद्दीचाच येणार.

लकडीपूल
पुण्यात हे इतकं सोपं नाही. २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वरजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या, त्यानंतर त्या वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या शहरात पोलिसांनीच जादू खरी मानायची, असा सिनेमा मला नको आहे.

टेकडीकर
इथे मात्र मी गस्तवाल्याच्या बाजूने. तो कायदा गोष्ट सांगण्याविरुद्ध नाही. भूत उतरवतो म्हणून बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, चमत्काराचा दावा करून लुबाडणं यांविरुद्ध आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. शिवाय त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, तो पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसावा लागतो. नायक तोच घ्या. पिंपळावर मुंजा खरोखर आहे, आणि त्याच पाराखाली एक भोंदू ‘मुंजा उतरवतो’ म्हणून एका मुलीला धुरी देतोय. निरीक्षकाने आधी भोंदूला पकडायचं. मुंजाला पंच करता येत नाही, कारण कलमाला परिसरातला प्रतिष्ठित रहिवासी हवा असतो. ‘ब्राइट’मध्ये नव्हती ती अडचण आता आली.

लकडीपूल
असा असेल तर बघेन. पण शेवटी मुलीचा जबाब मुंजाच्या मदतीशिवाय टिकला पाहिजे, आणि धुरीचं घमेलं पंचनाम्यात आलं पाहिजे.