घडीच्या सायकलीत बिजागरीइतकंच टायरच्या मापाकडेही बघा

घडीच्या सायकलीचा विषय निघाला की बिजागरीच्या, म्हणजे सायकल जिथे दुमडते त्या सांध्याच्या, मजबुतीवर बरीच चर्चा होते, आणि ती हवीच. पण घडीची सायकल बाळगण्याचा खर्च मला आधी टायरने दाखवला. ‘१६ इंची’ या एकाच नावाखाली ३०५ आणि ३४९ मिमी (टायर रिमवर बसतो तिथला व्यास) अशी दोन मापं येतात. ३०५ म्हणजे लहान मुलांच्या सायकलीचं, सहज मिळणारं. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीच्या घडीच्या सायकलीला ३४९ लागतं, ते आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणं अवघड. २० इंचातही ४०६ आणि ४५१ हा घोळ आहेच. (४०६ असेल तर निर्धास्त घ्या, बीएमएक्सचे, म्हणजे कसरतीच्या छोट्या सायकलींचे, टायर बहुतेक त्याच मापाचे.) विकत घेण्याआधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचा.

माझी सायकल २० इंची, साधी. फ्रेम अजून ठणठणीत आहे. दगा दिला तो सोबत आलेल्या घडीच्या पेडलने. पहिल्याच पावसाळ्यात करकरायला लागलं आणि चढावर उभं राहून मारताना प्लास्टिक मधोमध तडकलं.

बिजागरीबद्दल एकच सांगतो. पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलच्या दांड्याच्या बुडाशी, सांध्यावर बोट ठेवा आणि सायकल पुढेमागे हलवा. बोटाला बारीक टकटक जाणवली, तर सांधा ढिला आहे. सांध्याजवळचा लिव्हर उघडून तिथला स्क्रू थोडा आवळायचा, परत बंद करून बघायचं. तरीही टकटक राहिली तर सायकल चालवू नका, आधी मेकॅनिककडे न्या.