कारचा एसी उन्हात बंद पडतो. कॉम्प्रेसर खरंच गेलाय का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल हॅचबॅक, 2014 ची, मुक्काम सोलापूर. सकाळी एसी मस्त गार असतो. दुपारी सात रस्त्याच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास गेला की गारवा गायब. हवेचा जोर तोच, पण हवा गरम. गाडी सावलीत तासभर लावली की परत चालू.

एसीवाल्याने आधी गॅस भरला, फरक शून्य. आता म्हणतो कॉम्प्रेसर बदला, अठरा हजार! एसी चालू असताना गेज लावलं होतं: लो बाजूचं प्रेशर 35, हाय बाजूचं 210 पीएसआय. खडखड आवाज नाही. बंद पडल्यावर बॉनेट उघडलं तर पुली फिरतेय, तिच्यापुढची चकती मात्र थांबलेली. कंडेन्सरचा पंखा चालू. पैसे घालायला ना नाही, पण निदान तर पटायला हवं. काय तपासून घेऊ?

प्रतिसाद १
हे आकडे आजारी कॉम्प्रेसरचे नाहीत. आतून गेलेला असता तर लो चढलं असतं, हाय उतरलं असतं. तुमचा कॉम्प्रेसरचा क्लच सुटतोय, म्हणजे पुलीपुढची ती चकती; ती चुंबकाने पुलीला चिकटली तरच कॉम्प्रेसर फिरतो. बंद पडल्या पडल्या क्लचच्या वायरीला मल्टिमीटर लावायला सांगा. 12 व्होल्टच्या आसपास येऊनही चकती चिकटत नसेल, तर बहुधा चकती आणि पुलीमधला गॅप वाढलाय. क्लचच्या चुंबकाची कॉइल तापली की रेझिस्टन्स वाढतो, चुंबकाची ओढ कमी पडते. सकाळी तेवढीच ओढ पुरते. बहुतेक गाड्यांत गॅप 0.3 ते 0.6 मिमीच्या आसपास असतो, नेमका मॅन्युअलमध्ये बघा. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजायचा आणि जास्त निघाला तर चकतीमागची एखादी शिम (पातळ वॉशर) काढायची. गॅस सोडावा लागत नाही. शिमच नसेल किंवा चकती घासून गेली असेल, तर नुसता क्लच सेट मिळतो.

प्रतिसाद २
सहमत. व्होल्टेजच नसेल तर रिले (क्लचला वीज देणारा स्विच), प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलचा सेन्सर तपासा. आणि गॅस वजन करून भरला होता का? बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. जास्त भरला तर उन्हात हाय प्रेशर चढून स्विच कट मारतो. नुसतं गेज बघून भरणारे फार.

धागाकर्ता
वजनकाटा काही दिसला नव्हता. मॅकेनिकला मल्टिमीटर घेऊन दुपारीच बोलावतो, थंड गाडीवर दोष सापडायचा नाही.

प्रतिसाद १
बरोबर. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात नको. गॅप मोजायचा तो इंजिन बंद करूनच.