मदत हवी आहे: कॉस्ट शीटवर तोट्यात दिसणारा माल बंद करावा का?

मंडळी, मी एका छोट्या कारखान्याचे हिशेब बघतो. कॉस्टिंग कुठे शिकलेलो नाही, जे येतं ते काम करता करता आलेलं. शुक्रवारी मालकांना उत्तर द्यायचंय.

आमचे माल दोन, क आणि ग म्हणू. ग चा नग ५०० ला जातो. कच्चा माल, नगावरची मजुरी, पॅकिंग मिळून बदलता खर्च ३८०. त्यावर ओव्हरहेडचा वाटा १५०. म्हणजे नगामागे ३० तोटा. महिन्याला १,००० नग, ३०,००० गेले. मालक म्हणतात, बंद करून टाका.

मला खटकतोय तो १५० चा आकडा. भाडं, विमा, ऑफिसचे पगार, मशीनचा घसारा हे सगळं आम्ही मजुरीच्या तासांवर वाटतो. ग ला हातकाम जास्त, म्हणून बोजाही त्याच्यावर जास्त. पण ग बंद केला म्हणून भाडं थोडंच कमी होणार? एकेक खातं उघडून पाहिलं, तर त्या दीड लाखातला फक्त एका सुपरवायझरचा २५,००० पगार खरोखर वाचतो. काँट्रिब्युशन, म्हणजे किमतीतून बदलता खर्च वजा करून उरतं ते, नगामागे १२० धरून १,२०,००० मात्र बुडेल. म्हणजे नफा ९५,००० ने घटेलच, वर उरलेला सव्वा लाखाचा बोजा क वर येईल. मग उद्या तोही तोट्यात दिसायचा!

माझं कुठे चुकतंय का?

प्रतिसाद १:
आकडेमोड बरोबर आहे. पण मशीनचं काय? रिकामं असतं, की जागा नाही म्हणून क च्या ऑर्डरी परत पाठवता? दोन्ही मालांना मशीनवर किती वेळ लागतो ते सांगा.

धागाकर्ता:
अरेच्चा, हे डोक्यातच आलं नव्हतं. ग ला ३० मिनिटं, क ला ४०. क चं काँट्रिब्युशन नगामागे २००. म्हणजे मशीनच्या तासाला ग २४० देतो, क ३००. ग चे ५०० तास क ला दिले तर ७५० नग, दीड लाख. म्हणजे मालकांचंच खरं?? पण क च्या ऑर्डरी आम्ही वर्षातले चारच महिने नाकारतो. एरवी दुसरी पाळी निम्मी रिकामी असते.

प्रतिसाद १:
मग त्या चार महिन्यांत, क ची जेवढी ऑर्डर नाकारावी लागते तेवढाच ग कमी करा. बाकी आठ महिने चालू द्या. सुपरवायझर वर्षभर ठेवणारच, तेव्हा त्याचे २५,००० वाचले असं धरू नका.

धागाकर्ता:
पटलं. एकच राहिलं: ग घेणारी दोन गिऱ्हाइकं क पण घेतात. ग दिला नाही आणि ती तुटली तर?

प्रतिसाद २:
त्या दोघांकडून क चं वर्षाचं काँट्रिब्युशन किती येतं ते आधी काढा. ते तुटतील का, हे विक्री बघणाऱ्याला विचारा. कॉस्ट शीटमध्ये ते सापडणार नाही.