प्रतिसाद: सेटअपचा बाऊ की गरज?

रेकॉर्ड प्लेअरचे भाग नेमके जुळवून लावणं म्हणजे सेटअप; ‘सेटअपचा बाऊ कंपन्या डीलरचं पोट भरावं म्हणून करतात’ हे वरच्या प्रतिसादातलं मत मला पटत नाही.

ग्लासगोच्या लिन कंपनीचा एलपी12 हा रेकॉर्ड प्लेअर घ्या. रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) पेलणारी त्याची सब-चॅसी, म्हणजे आतली चौकट, तीन स्प्रिंगांवर लोंबते. हलकेच दाबून सोडली की ती सरळ वर-खाली हलली पाहिजे. तिरकी डोलली तर बहुतेकदा एखादी स्प्रिंग मध्यावर नसते किंवा टोनआर्मची केबल ओढत असते. मग तबकडी फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण बदलतो आणि लांबवलेला सूर थरथरतो. असं काम प्रशिक्षित हाताकडेच द्यावं, हे लिनचं म्हणणं रास्त आहे.

सुईच्या भाराचंही तसंच. ऑर्टोफॉन कंपनी आपल्या 2एम रेड या कार्ट्रिजसाठी (आर्मच्या टोकाचा सुईचा भाग) 1.8 ग्रॅम भार सांगते. अँटी-स्केट (आर्मची आत ओढली जाण्याची ओढ तोलणारी सोय) शून्यावर ठेवा, आर्म हवेत आडवा तरंगेल असा तोल साधा, आर्मच्या मागचं वजन न फिरवता फक्त त्यावरची आकड्यांची डायल शून्यावर आणा, मग दोन्ही एकत्र फिरवून 1.8 लावा. नंतर अँटी-स्केटही तेवढाच.

रेकॉर्ड झिजू नये म्हणून बरेच जण भार कमी करतात. नेमकं उलटं होतं: सुई खाचेत उडते, ‘स’, ‘श’ चरचरतात, भिंती खरवडल्या जातात. कंपन्यांनी भाराच्या आकड्याशेजारी हे कारणही ठळक छापायलाच हवं.