मदत हवी आहे : यिडिश लेखकांनी पाहिलेली सोव्हिएत शहरं

यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा. तिच्यात लिहिणारा इस्रायल जोशुआ सिंगर १९२६ साली वॉर्साहून सोव्हिएत रशियात गेला. (नोबेलवाल्या आयझॅक बाशेविस सिंगरचा हा थोरला भाऊ, मला विचाराल तर काकणभर सरसच.) न्यूयॉर्कच्या ‘फोरवर्ट्स’ या यिडिश दैनिकासाठी लिहिलेल्या त्या लेखांचं ‘नाय रुसलांड’ (नवा रशिया) हे पुस्तक १९२८ मध्ये आलं. मला त्यातली शहरं हवी आहेत, त्यातही मिन्स्क, सोव्हिएत बेलारूसची राजधानी. तिथल्या रेल्वे स्टेशनवर गावाचं नाव बेलारूसी, रशियन, पोलिश आणि यिडिश अशा चार भाषांत असायचं!

मूळ यिडिश मी अडखळत वाचते, पण त्या काळची सोव्हिएत यिडिश वर्तमानपत्रं उघडली की गाडी अडते. मॉस्कोच्या पेपरचं नावच बघा: ‘एमेस’, म्हणजे सत्य. शब्द हिब्रू; एरवी यिडिशमध्ये असे शब्द मूळ हिब्रू स्पेलिंगनेच लिहितात, पण इथे लिहिलेला उच्चाराप्रमाणे. कुणाकडे ‘नाय रुसलांड’चं इंग्रजी भाषांतर, निदान एखादं प्रकरण, आहे का?