मदत हवी आहे : भाचीचं करलिंगमधलं करिअर, आज रात्रीच्या आत सांगा

गंगापूररोडकर
भाची करलिंग सोडायला तयार नाही. दाजी म्हणतात बंद, ताई म्हणते तूच समजाव, तुझं ऐकते ती. साडेआठला व्हिडिओ कॉल आहे आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. यात करिअर होतं का? हो की नाही एवढंच सांगा, लेक्चर नको.

सिडको_ताई
होतं की! माझ्या नणंदेचं पार्लर आहे, लग्नसराईत श्वास घ्यायला वेळ नसतो. पण नुसतं करलिंग नको, ब्रायडल मेकअपपण शिकू दे.

गंगापूररोडकर
अहो ताई केसांचं नाही, बर्फावरचं. दगड सरकवतात ते.

पंचवटीचा_पक्या
नाशकात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. खेळते कुठे?

गंगापूररोडकर
विनिपेगला, कॅनडात. लिहायचं राहिलं का? दहा वर्षं झाली त्यांना तिकडे.

तीन_हिवाळे
विनिपेग आधी सांगायचं ना राव! वय काय, टीममध्ये कितवी?

गंगापूररोडकर
१७. कितवी माहीत नाही, झाडू मारते. ताईला तेच खुपतंय, आम्ही घरी केरफरशीला बाई ठेवली आणि ही कार्टी फी भरून तिकडे झाडू मारतेय.

तीन_हिवाळे
झाडू सगळ्याच मारतात हो. मी प्रोजेक्टवर होतो तिकडे तेव्हा ऑफिसवाल्यांनी ओढत नेलं एकदा. एका बुटाचा तळ मुद्दाम गुळगुळीत असतो, मी जोर लावला आणि दगड जागेवर, मी पुढे. ग्रॅनाइटचा दगड, वीस किलोच्या आतबाहेर. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून गोठवतात, हात फिरवला तर रवाळ लागतो. ब्रूम म्हणजे तो झाडू घासला की वरचा थर किंचित गरम होतो, घर्षण कमी, दगड सरळ आणि लांब जातो. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना मला. चौघी दोन दोन दगड टाकतात, लीड पहिले दोन टाकते आणि पुढच्या सहांना घासते. ती लीड आहे का विचारा. आणि जेनिफर जोन्स विनिपेगचीच, २०१४ ला सोची ऑलिम्पिकमध्ये एकही मॅच न हरता करलिंगचं गोल्ड, पेशाने वकील.

एमपीएससी_काका
बघा! वकील होती म्हणून परवडलं. आधी डिग्री.

तीन_हिवाळे
काका पण खेळ बंद करून नाही झाली ना वकील. स्वीडनची अनेट नॉरबर्ग अ‍ॅक्चुअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारी, तिचं ऑलिम्पिक गोल्ड २००६ ला आणि परत २०१० ला. बक्षिसावर घर चालत नाही बहुतेकींचं, म्हणून दोन्ही चालू ठेवतात.

एमपीएससी_काका
म्हणजे छंद म्हणा, करिअर कशाला म्हणता.

पंचवटीचा_पक्या
आपल्या धावपटू कविता राऊतलाही कोणी म्हणालं असेल पळून काय मिळणार. २०१० ला कॉमनवेल्थचं ब्राँझ आणलं तिने.

एमपीएससी_काका
पळायला फी लागत नाही.

निफाडचा_बंड्या
२०१८ ला ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाच्या ज्या पोरींनी करलिंगचं सिल्व्हर घेतलं त्या उइसाँगच्या, लसणाचा भाग तो, गार्लिक गर्ल्स म्हणायचे त्यांना. आपल्या लासलगावात रिंक टाका, ऑनियन गर्ल्स तयार.

पंचवटीचा_पक्या
आधी कांद्याला भाव द्या मग रिंक टाका.

निफाडचा_बंड्या
भावाचं नाव नको काढू भाऊ, परवाच ट्रॅक्टर परत आणला.

वर्षा_इंदिरानगर
त्याच कोरियन मुलींनी त्याच वर्षी स्वतःच्या कोचविरुद्ध छळाची तक्रार केली होती, तेही सांगा ना. मामा, मेडल सोडा, कोच कोण आहे, प्रवासाला सोबत कोण जातं ते विचारा आधी. माझी मुलगी खेळायची, कशात ते नाही लिहीत, आम्ही हे विचारलं नाही.

सिडको_ताई
बाई गं. बरोबर बोललात.

एमपीएससी_काका
दाजी का नको म्हणताहेत हे मात्र अजून कोणी विचारलं नाही.

गंगापूररोडकर
काका, मलाही माहीत नव्हतं. आत्ता कॉल झाला. तिकडे सकाळचे नऊ, ती ब्रूम घेऊनच बसली होती. लीडच आहे. दाजींना पैशाचं काही नाहीये, दुसऱ्या गावच्या युनिव्हर्सिटीत घालायचंय आणि ही म्हणते विनिपेगमध्येच शिकणार, टीम सोडणार नाही. समजवायला गेलो आणि तिच्याच बाजूने बोललो, ताई चिडलीय. कोचचं विचारलं, एका टीममेटची आईच आहे म्हणे. जानेवारीत मॅच आहेत, मामा तू ये म्हणाली. व्हिजिटर व्हिसाला किती दिवस लागतात, कोणी सांगेल का? लवकर.

पंचवटीचा_पक्या
वेगळा धागा काढा. आणि या वेळी कुठून कुठे ते लिहा.