मदत हवी आहे : बायकोची धास्ती कमी होईना, पोटातल्या बाळावर परिणाम होतो का?

सांगलीचा_भडंगवाला : पाऊस लागलाय तसं बायकोचं सगळं बिनसलंय. रात्री तीन-तीनदा उठून नदीचं पाणी किती झालं बघते, छातीत धडधडतं म्हणते, जेवण नाही. मी रोज सांगतोय टेन्शन घेऊ नको बाळावर परिणाम होईल, तर जास्तच रडते. परिणाम खरंच होतो का? लवकर सांगा.

मिरजकर_काकू : कितवा महिना? पहिलंच का? हिमोग्लोबिन किती आहे? थायरॉइड बघितलं का? धडधड त्यानं पण होते बाबा.

सांगलीचा_भडंगवाला : सातवा. बाकी सगळं नॉर्मल. मी विचारलंय ते सांगा ना.

गर्भसंस्कार_प्रेमी : रोज सकाळी मंत्र ऐकवा, तूप-दूध द्या. माझ्या सुनेचं बाळ सव्वा वर्षात बोलायला लागलं.

कराडची_पोरगी : काकू, प्रश्न काय उत्तर काय 😄 दादा, बालविकास शिकवते म्हणून सांगते. आईच्या ताणातलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) सगळंच्या सगळं बाळाला जात नाही, वारेतलं एक एन्झाइम बरंचसं निष्प्रभ करतं. ताण फार दिवस राहिला तर ती गाळणी ढिली पडते असं दिसलंय. ब्रिस्टॉलला १९९१-९२ च्या बाळंतपणांचा मोठा अभ्यास आहे, त्यात गरोदरपणात सगळ्यात जास्त चिंता असलेल्या आयांच्या पोरांत चौथ्या वर्षी वागणुकीच्या तक्रारींचा धोका साधारण दुप्पट निघाला. दुप्पट ऐकून घाबरू नका, तरी त्यातली बहुतेक पोरं ठणठणीतच होती. आणि हे तिला वाचून दाखवू नका!!

कृष्णाकाठ_७२ : मूळ दुखणं कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे. तिथली पातळी आधीच खाली ठेवली तर कुणाची बायको रात्री उठणार नाही.

वाळव्याचा_इंजिनिअर : झालं सुरू. धरणाच्या पाण्याचा मागे येणारा फुगवटा सांगलीपर्यंत येतो का यावर आधी तज्ज्ञांचंच एकमत होऊ दे. कोयनेचा विसर्ग आणि पात्रातली अतिक्रमणं कोण बघणार?

कृष्णाकाठ_७२ : २०१९ ला आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तुम्ही कुठं होता?

मिरजकर_काकू : अरे पोरीचं बोला! आत्ता राहता कुठं?

सांगलीचा_भडंगवाला : सूर्यवंशी प्लॉट. १९ ला आणि २१ ला दोन्ही वेळा घरात पाणी. १९ ला ती आणि आई वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या, बोटीनं काढलं. त्यानंतर तिला झोपेच्या-घाबरण्याच्या गोळ्या चालू होत्या, दिवस गेल्याचं कळल्यावर तिनं स्वतःच बंद केल्या.

कराडची_पोरगी : अहो, हे शेवटी सांगताय?? गोळ्या एकदम बंद केल्यानं पण धडधड आणि झोप उडणं होऊ शकतं. परत चालू तुमच्या मनानं करू नका, पण उद्याच बाळंतपणाच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा, मानसोपचारवाल्यांनाही दाखवा. गरोदरपणात सगळ्याच गोळ्या बंद नसतात. आज रात्री फारच झालं तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. जीव नकोसा झाला असं बोलली तर थांबूच नका, थेट दवाखाना.

वाळव्याचा_इंजिनिअर : कॅनडात क्यूबेकला जानेवारी १९९८ मध्ये बर्फाचं वादळ झालं होतं, कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांच्या पोरांचा अभ्यास झाला, हाल जितके जास्त तितकी पोरं भाषेत सरासरी जरा मागं. म्हणजे नुसतं "घाबरू नको" म्हणून भागत नाही, हालच वाचवा. पाणी ४० फुटाला जायची वाट न बघता तिला आत्ताच उंचावर हलवा.

मिरजकर_काकू : बरोबर. आणि तू ते परिणाम-परिणाम बंद कर. तिला आता पुराची भीती वेगळी आणि घाबरल्याचा अपराध वेगळा. माझ्या लेकीच्या वेळी आम्ही पण हेच केलं, वाईट वाटतं आता.

गर्भसंस्कार_प्रेमी : डोहाळजेवण कधी?

सांगलीचा_भडंगवाला : उद्या अकराची वेळ मिळाली, गोळ्यांचं पाकीट सापडलं ते नेतोय. दुपारून विट्याला माहेरी सोडतो. काकू, पाण्याच्या अपडेटचे सगळे ग्रुप मीच तिच्या फोनवर जोडून दिले होते.

कृष्णाकाठ_७२ : आत्ता किती फूट आहे?